सिकंदराबादचा डास आणि शेजाऱ्यासाठी घ्यायची लस

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा नावाचे ठिकाण आहे. फाटा म्हणजे रस्ता फुटतो ती जागा. येथे माणसे उतरतात, चहा घेतात, दुसरे वाहन धरतात. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे, मुंबई-पुण्याहून सणासाठी परतणारे मजूर, बाजाराला जाणारे शेतकरी, सगळेच अशा फाट्यांवरून जातात. रोगांच्या इतिहासात या जागांचे महत्त्व राजधान्यांहून कमी नाही, कारण ताप माणसाच्या अंगातून प्रवास करतो. हिवतापाचा परजीवी तर स्वतःच वाहन बदलणारा प्रवासी आहे. डासातून माणसात, माणसातून पुन्हा डासात.

पहिली वाट बंद करण्याचे प्रयत्न सर्वांना ठाऊक आहेत. मच्छरदाणी, फवारणी, आणि आता पुण्यात तयार होणारी लसही. या धाग्याचा विषय दुसरी वाट आहे : माणसातून डासात जाणारी. ती अडवणारी लस शास्त्रज्ञ गेली अनेक दशके शोधत आहेत. या लशीची विचित्र गोष्ट अशी, की ती घेणाऱ्याला ताप येण्यापासून ती वाचवत नाही. ती वाचवते शेजाऱ्याला.

ही कल्पना समजण्यासाठी १८९७ च्या सिकंदराबादला जावे लागते. ते अंतर परभणीकरांसाठी परके नाही. तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती, आणि सिकंदराबाद ही त्याच राज्यातली इंग्रजांची छावणी. आज सेलू आणि परभणी ज्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहेत, तो मार्गही शतक पालटण्याच्या त्याच काळातला.

हिवताप त्याआधी हजारो वर्षे ओळखीचा होता. आयुर्वेदाने विषमज्वराचे प्रकार तापाच्या पाळीवरून पाडले : रोज येणारा अन्येद्युष्क, एक दिवस सोडून येणारा तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक. निरीक्षण अचूक होते. खरे कारण मात्र ठाऊक नव्हते. युरोपात ते दलदलीच्या दूषित हवेत शोधले जाई. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’.

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लाव्हेराँ एका सैनिकाचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. एका गोल ठिपक्यातून अचानक बारीक धागे बाहेर पडले आणि चाबकासारखे वळवळू लागले. हा जिवंत प्राणी आहे, हे त्याने तेव्हाच ओळखले. ते धागे म्हणजे परजीवीच्या नर बीजपेशी, हे मात्र त्यालाही कळले नव्हते. शरीराच्या उबेतून बाहेर पडून रक्त थोडे थंडावले, की परजीवीची नर रूपे अशी फुटतात. निसर्गात हे काचपट्टीवर घडत नाही, डासाच्या पोटात घडते. लाव्हेराँने डासाच्या पोटातली घटना डासाविनाच पाहिली होती.

१८९७ मध्ये कॅनडात जन्मलेल्या विल्यम मॅककॅलम या तरुण संशोधकाने पक्ष्यांच्या रक्तातल्या तशाच परजीवीत ते धागे मादी पेशीत शिरताना पाहिले. तेव्हा उलगडले, की हे मीलन आहे. या धाग्यातली पुढची सारी कथा या एका क्षणाभोवती फिरते, म्हणून तो लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी सिकंदराबादेत भारतीय वैद्यकीय सेवेतला रोनाल्ड रॉस डास फाडत बसला होता. जन्म अल्मोड्याचा (१८५७), १८८१ पासून नोकरीत, कवितेचा नाद, स्वभाव तापट. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सनने १८९४ मध्ये त्याला डासांचा संशय बोलून दाखवला होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन रॉस त्याच्या अंगावर डास पोसत असे आणि मग एकेक डास चिरून पाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पुटी दिसल्या. काळे कण म्हणजे हिवतापाच्या परजीवीची खूण. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्याच पुटी अधिक मोठ्या झालेल्या दिसल्या. रक्तातले काहीतरी डासाच्या पोटात वाढत होते.

पुढे बदली झाली आणि माणसांवरचे काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्यात, मोहम्मद बक्ष या साहाय्यकाच्या मदतीने, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून रॉसने उरलेली वाट शोधली : जठरावरच्या पुटी फुटतात, त्यातून निघालेली बारीक रूपे डासाच्या लाळग्रंथीत जातात आणि चाव्यावाटे नव्या शरीरात शिरतात. मानवी हिवतापाचे पूर्ण चक्र त्याच वर्षी ग्रासी प्रभृती इटालियन संशोधकांनी दाखवले. श्रेयावरून जे भांडण झाले ते दोन्ही बाजूंना शोभणारे नव्हते. १९०२ चे नोबेल रॉसला मिळाले. हुसेन खानाचे नाव इतिहासात राहिले ते रॉसच्या नोंदींमुळे. त्याच्या वाट्याला आणे आले.

रॉसचे दुसरे काम कमी प्रसिद्ध आहे आणि लशीच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. हा डॉक्टर गणिती होता. मॉरिशसमधील मोहिमेपासून त्याने मांडायला सुरुवात केली, की हिवताप नष्ट करण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की एका रुग्णापासून एकाहून कमी नवे रुग्ण होतात आणि साथ आपोआप विझत जाते. समकालीनांनी याकडे फारसे लक्ष दिले नाही. जॉर्ज मॅकडोनाल्डने १९५० च्या दशकात हे गणित पुढे नेले आणि मग ते साऱ्या निर्मूलन मोहिमांचा पाया झाले.

मुंबईत मात्र गणिताच्या आधी भांडण आले. शहरातील हिवतापाची चौकशी डॉ. चार्ल्स बेंटली यांनी केली आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोषी ठरला अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्साय हा डास, आणि त्याची घरे दलदलीत नव्हती, तर घराघरांतल्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत होती. उपाय उघड होता : विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका. पण विहीर म्हणजे नुसते पाणी नव्हे. पारशांसाठी ते पवित्र जल होते. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही तशीच पूज्य आहे. हिंदूंच्या पूजाअर्चेलाही विहिरीचेच पाणी लागे. अनेकांनी धर्माच्या कारणाने विरोध केला, आणि हा वाद वर्षानुवर्षे चालला.

या वादाकडे ‘अडाणी रयत विरुद्ध शहाणे सरकार’ असे पाहण्याची सवय आहे. ती सोडली तर वेगळे चित्र दिसते. विहीर एकाची, डास सगळ्यांचा. झाकण्याचा खर्च, गैरसोय आणि धर्मसंकट मालकाच्या गळ्यात, आणि फायदा शेजारच्या गल्लीतल्या अनोळखी माणसाला. त्यात वसाहतीचे सरकार सांगणारे. ज्याने काही वर्षांपूर्वीच प्लेगच्या नावाखाली घरे उघडून पाहिली होती. लोकांचा अविश्वास कारणाशिवाय नव्हता.

स्वातंत्र्याच्या सुमारास डीडीटी आले. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात, कारवार आणि धारवाडच्या भागात, १९४६ च्या सुमारास घराघरांत फवारणी सुरू झाली आणि तिचे यश पाहून देशाचा आराखडा ठरला. त्या काळी भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम, १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम. परभणी १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आली, म्हणजे मोहीम ऐन भरात असताना. घराच्या भिंतीवर फवारणीची तारीख लिहिणारे कर्मचारी आणि बोट टोचून काचपट्टीवर रक्तनमुना घेणारा ‘मलेरियावाला’ ही त्या पिढीच्या आठवणीतली माणसे आहेत.

१९६५ मध्ये देशभर सुमारे एक लाख रुग्ण उरले आणि मृत्यूची नोंद शून्यावर आली. १९७६ मध्ये रुग्ण होते ६४ लाखांहून अधिक.

अकरा वर्षांत असे का झाले, याची उत्तरे अनेक आहेत. डास डीडीटीला सरावले, पैसा आटला, देखरेख ढिली झाली. एक कारण साध्या बोलीत सांगता येते : रोग दिसेनासा झाला तशी त्याची काळजीही गेली. ज्या घरात वर्षानुवर्षे कोणाला थंडी वाजली नाही, ते घर भिंती पांढऱ्या पडू द्यायला आणि सामान बाहेर काढायला कशाला तयार होईल? मराठवाड्यातही याच काळात पाण्याचा नकाशा बदलत होता. पूर्णेवर येलदरी, गोदावरीवर जायकवाडी, पुढे सेलूजवळ निम्न दुधना. ग्रामीण भारतातला मुख्य वाहक डास, अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीज, कालव्यांच्या पाझरात आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी आले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर डासाला घर मिळण्याची सोयही होत गेली.

आता लशीकडे.

परजीवी माणसाच्या रक्तात असताना त्यातला बहुतेक भाग ताप आणणाऱ्या रूपात असतो. थोडा भाग नर आणि मादी रूपे घेतो. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. ही रूपे रुग्णाला काहीच त्रास देत नाहीत. ती नुसती वाट पाहतात, डास चावण्याची. डासाने रक्त ओढले की त्याच्या पोटात लाव्हेराँने पाहिलेला तो स्फोट होतो, मॅककॅलमने पाहिलेले मीलन होते आणि रॉसने पाहिलेल्या पुटी तयार होतात. येथे एक मुद्दा सहज निसटतो. डास रक्त पितो तेव्हा परजीवीबरोबर माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडेही पितो. मग त्या प्रतिपिंडांना डासाच्या पोटातच काम करायला लावले तर?

१९५८ मध्ये क्ले हफ आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांना मृत परजीवी टोचून पाहिले आणि त्यांच्यावर पोसलेल्या डासांत संसर्ग घटलेला आढळला. १९७६ मध्ये रॉबर्ट ग्वाड्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे रिचर्ड कार्टर व डी. एच. चेन यांनी, कोंबड्यांवर हेच अधिक स्पष्ट दाखवले : लस कोंबडीला, परिणाम डासाच्या पोटात. १९८० च्या दशकात श्रीलंकेच्या कामिनी मेंडिस यांनी कार्टर यांच्यासह दाखवले, की व्हायवॅक्स हिवताप झालेल्या माणसांच्या रक्तातही असा अटकाव करणारी प्रतिपिंडे नैसर्गिकरीत्या सापडतात. कल्पना माणसांत चालते, याचा तो पुरावा होता.

मग लस अजून आली का नाही? १९८८ मध्ये पीएफएस-२५ या प्रथिनाचा जनुक हाती आला. ते परजीवीवर फक्त डासाच्या पोटात दिसते, माणसात कधीच नाही. त्यामुळे माणसाच्या प्रतिकारशक्तीशी त्याची पूर्वी गाठ पडलेली नसते आणि परजीवीने त्यासाठी सोंगे बदललेली नसतात. हा फायदा. तोटा असा, की लस घेतल्यावर कितीही वेळा हिवताप झाला तरी शरीराला त्या प्रथिनाची पुन्हा आठवण होत नाही, आणि प्रतिपिंडे ओसरत जातात. एका चाचणीत लशीतल्या साहाय्यक द्रव्यामुळे स्वयंसेवकांना नको तितक्या तीव्र प्रतिक्रिया आल्या आणि ती थांबवावी लागली. पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ ही प्रथिने माणसाच्या रक्तातल्या गॅमेटोसाइटवरही असतात, म्हणून त्यांच्यावर आता अधिक भर आहे. पश्चिम आफ्रिकेतील मालीमध्ये पीएफएस-२३० वर आधारित लशीची माणसांवर चाचणी झाली आणि तिने आशा दाखवली.

अशा लशीचा कस लावण्याची रीत पाहून रॉसला आनंद झाला असता. लस घेतलेल्याचे रक्त (किंवा त्याच्या रक्तातला द्रव आणि प्रयोगशाळेतले परजीवी) पातळ पडद्याआडून डासांना पाजतात. आठवडाभर थांबतात. मग डास चिरून जठरावरच्या पुटी मोजतात. हुसेन खानाच्या जागी पडदा आला आहे, एवढाच काय तो फरक.

पुण्याचा संबंध येथे येतो, पण जपून समजून घ्यावा लागतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ लस पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये कोत दिव्वारमध्ये तिचे लसीकरण सुरू झाले. ही लस डासातून माणसात येणारी वाट अडवते. घेणाऱ्या मुलाला वाचवते. ती फाल्सिपेरम या एकाच जातीवर आहे, आणि भारतात व्हायवॅक्सही मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारताच्या नियमित लसीकरणात ती नाही.

दुसरी वाट अडवणारी भारतीय तयारी वेगळी आहे. जुलै २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘अ‍ॅडफाल्सिव्हॅक्स’ची माहिती जाहीर केली. भुवनेश्वरच्या प्रादेशिक केंद्रात विकसित झालेल्या या लशीत दोन्ही वाटा एकत्र अडवण्याचा विचार आहे : एक भाग माणसाला संसर्गापासून वाचवणारा, दुसरा पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ च्या तुकड्यांचा, डासाकडे जाणारी वाट रोखणारा. ती लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत बनवतात, आणि हा जिवाणू ताक व चीजच्या कामाचा आहे. परिषदेने उत्पादनासाठी कंपन्यांना पाचारण केले तेव्हा लस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

दोन भाग एकत्र का, याचे उत्तर प्रयोगशाळेत जितके आहे तितकेच मुंबईच्या विहिरींत आहे. नुसती वाट अडवणारी लस मागणार कोण?

येथे रॉसचे गणित आठवावे. समजा एखाद्या भागात एका रुग्णापासून सरासरी दहा नवे रुग्ण होतात. साथ विझवायची तर संक्रमण नऊ दशांशांहून अधिक कमी करावे लागेल. कोणतीही लस एकटीने ते करणे कठीण. पण जेथे एकापासून दीडच नवा रुग्ण होतो, तेथे एक तृतीयांशाहून थोडी अधिक घट पुरे. लस ऐंशी टक्के परिणामकारक असेल आणि ऐंशी टक्के लोकांनी घेतली, तर घट चौसष्ट टक्के होते. म्हणजे एकापासून पावणेतीन रुग्ण होणाऱ्या भागातही साथ मावळू लागेल. हे ढोबळ गणित आहे, सगळ्यांना डास सारखेच चावतात असे धरून केलेले. तरी दिशा स्पष्ट आहे. ही लस सर्वांत परिणामकारक ठरेल ती हिवतापाने ग्रासलेल्या प्रदेशात नव्हे, तर जेथे तो विरळ झाला आहे तेथे. भारताने २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि महाराष्ट्रात आज मुख्य झुंज गडचिरोलीच्या जंगलात व मुंबईच्या बांधकामांवर चालू आहे. मराठवाडा त्या मानाने शांत आहे.

आणि शांत प्रदेशातच पेच आहे. जेथे लस सर्वाधिक उपयोगी, तेथे ताप कोणी पाहिलेला नाही. देवगाव फाट्यावर दंड पुढे करणाऱ्या माणसाला सांगावे लागेल, की ही सुई तुझ्यासाठी नाही. पुढच्या हंगामात याच गावात कोणीतरी परजीवी घेऊन परतेल, तेव्हा त्याच्यापासून साखळी लागू नये म्हणून आहे. व्हायवॅक्समध्ये तर हे अधिकच खरे, कारण त्याची गॅमेटोसाइट ताप चढण्याच्या आधीच रक्तात येतात. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत डासाला त्याचा वाटा मिळून गेलेला असतो.

अशी मागणी अभूतपूर्व नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हा शाळेतल्या मुलग्यांनाही लस टोचली. रुबेला मुलग्याला क्वचितच मोठा त्रास देतो. धोका असतो गर्भातल्या बाळाला. म्हणजे मुलाने लस घेतली ती काही अंशी न जन्मलेल्या, न ओळखीच्या बाळासाठी. ती चालली, कारण गोवराचा भाग मुलाच्या स्वतःच्या कामाचा होता. अ‍ॅडफाल्सिव्हॅक्सची दुहेरी रचना याच जातीची तडजोड आहे, आणि ती शहाणी तडजोड आहे.

दुसरा दाखला तर रोजच्या व्यवहारातला आहे. फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाला ठरलेल्या उपचाराबरोबर दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस देतात. त्याचा ताप उतरतो तो इतर औषधांनी. हा डोस त्याच्या रक्तातली गॅमेटोसाइट मारण्यासाठी असतो. तान्ह्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत. बाकीचे पाण्याबरोबर गिळतात. आशा कार्यकर्ती गोळी हातात ठेवताना बहुधा एवढेच म्हणते, की औषध पूर्ण घ्या. ती गोळी शेजाऱ्यासाठी आहे हे सांगितले जात नाही, आणि गिळणाऱ्यानेही विचारलेले नसते. लशीच्या वेळी ते सांगावे लागेल. लस निरोगी माणसाला द्यायची असते, आणि निरोगी माणूस विचारतो.